बेबीताईंच्या दुकानातली वही

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)





वर्धापनदिनाला कुणातरी थोर व्यक्तीवर बोलायचे, असा आपल्याकडे प्रघात आहे. माता रमाईंवर बोलून झाले, सावित्रीबाईंवर झाले. यंदा मंडळाने आम्हाला सांगितले, की घरातल्या वडीलधाऱ्या बाईवर बोला. जिने लेकरं वाढवली, संसार ओढला, आणि म्हातारपणी साऱ्या वस्तीची आई झाली, अशा बाईवर. ऐकायला विषय सोपा. पण असल्या भाषणाला उभे राहिले की तोंडात तेच तेच शब्द येतात. त्यागमूर्ती. सोशिक. मायेचा सागर. पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेत छापतात, ते. हे शब्द खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण कुणाही बाईला लावा, लागू पडतात. आणि एकदा लावले की ती बाई नेमकी कशी होती हे विचारायचे राहून जाते. म्हणून आम्ही ठरवले, की जिने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे अशा एका आईवर बोलावे. फलटणच्या बेबीताई कांबळे.

नाव बऱ्याच जणांना ठाऊक असेल. 'जिणं आमुचं' हे त्यांचे पुस्तक. १९८६ साली निघाले. आपल्या समाजातल्या बाईने लिहिलेल्या पहिल्या काही आत्मकथनांतले ते एक. त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' पुस्तकरूपाने आले. दोघींचे आडनाव एक, म्हणून पुष्कळ जण गल्लत करतात. शांताबाई सोलापूर जिल्ह्यातल्या, पेशाने शिक्षिका, आणि त्यांना तर शंभरीला टेकलेले आयुष्य लाभले. १९२३ ते २०२३. बेबीताई १९२९ च्या. पुरंदर तालुक्यातल्या वीरगावात जन्मल्या, फलटणला नांदल्या आणि २०१२ साली गेल्या. दहा बाळंतपणं झाली, त्यातली तीन लेकरं गेली. उरलेल्यांना वाढवले, शिकवले. आणि हे सगळे करता करता दुकान चालवले. आज बोलायचे आहे ते या दुकानाबद्दल जास्त. पण त्याआधी वीरगावला जाऊन यावे लागेल.

ताईंचे लहानपण आजोळी गेले. आजोबा साहेबलोकांकडे बटलर. तिकडून मनीऑर्डर यायची. त्यामुळे आजीच्या घरी चूल पेटायची तरी. महारवाड्यात सगळ्यांचे असे नव्हते. निवडुंगाची बोंडं खाऊन दिवस काढणारी माणसं, मेलेल्या जनावराचे मांस वाळवून केलेल्या चान्या जपून ठेवणारी घरं, दिवसभर येसकरकी करून दारोदारचे शिळे तुकडे आणणारा बाप, हे ताईंनी लहान वयात बघितले. आपल्या आज्यांनीही बघितले. फरक एवढाच, की आज्या सांगत नाहीत. विचारले तर "त्या दिसांचं काय काढतीस" म्हणून विषय मोडतात. ताईंनी सगळे मांडून ठेवले. लाज वाटली नाही. ज्यांनी तसे जगायला लावले लाज त्यांना वाटावी, असे त्यांचे धोरण दिसते.

पुस्तकात सरपण विकायला जाणाऱ्या बायका आहेत. रानातून मोळ्या डोक्यावर घेऊन त्या बामणआळीत जायच्या. मोळी उतरवायची, मग काडी न् काडी तपासून द्यायची. कशासाठी? तर लाकडात आपल्या डोक्याचा केस किंवा लुगड्याचा दोरा अडकला असेल आणि तो त्यांच्या चुलीत गेला तर त्यांचं घर बाटेल म्हणून. पाय रक्ताळलेले, पोटात काही नाही, आणि बाई उन्हात बसून लाकडातले स्वतःचे केस वेचतेय. आम्ही हा भाग जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा तिथेच थांबतो. लाकूड तिच्या हातचे चालते, कष्ट तिचे चालतात, केस मात्र चालत नाही.

दुसरे चित्र वाण्याच्या दुकानाचे. बाईने अंगणात लांब उभे राहायचे, आवाज खाली, पदर नीट, अजिजीने मीठ-मिरची मागायची. दुकानदाराने वरून टाकायचे, तिने खाली झेलायचे. त्याची लहान पोरं शेजारी खेळत असायची, आणि त्यांना त्याच वेळी धडा मिळायचा, की यांना शिवायचं नसतं. हे दुकान लक्षात ठेवा. आपण पुन्हा दुकानाकडे येणार आहोत.

तिसरी गोष्ट सांगताना आम्हाला जड जाते, कारण ती आपल्याच घरातली आहे. खोडा. लाकडाचा ओंडका, त्याला भोक पाडायचे, त्यात सुनेचा पाय घालायचा आणि पाय बाहेर निघू नये म्हणून आडवा दांडा ठोकायचा. आठ-नऊ वर्षांची पोर सासरचा छळ सोसेना म्हणून माहेरी पळाली, की बाप-भाऊ तिला परत आणून घालायचे आणि सासरचे तिच्या पायात खोडा अडकवायचे. तो ओढत ओढत तिने घरातली कामं करायची. मरीआईच्या यात्रा, अंगात येणं, थोरला पोरगा पोतराज म्हणून सोडणं, हे सगळे ताईंनी लिहिले आणि त्याच दमात खोडाही लिहिला. गावाने महारवाड्याला जसे वागवले, तसे महारवाड्याने आपल्या सुनांना वागवले, हे त्या न कचरता सांगतात. गुलामाला गुलामी करायला कुणी नाही मिळाले, तर तो घरातच शोधतो.

त्यांचे वडील मोठी कामं घेणारे ठेकेदार. दिलदार माणूस. हाताखालच्या मजुरांना पोटाला घालायचे, गाठीला पैसा ठेवायचे नाहीत. आणि तेच वडील आईला उंबऱ्याबाहेर पडू देत नसत. बायको घराबाहेर दिसत नाही, यात अब्रू आहे असे त्या वेळी मानले जाई. ताईंनी वडिलांवर मायाही केली आणि आईचा कोंडमाराही लिहिला. एकासाठी दुसरे पुसले नाही. श्रद्धांजलीच्या भाषणात आपल्याला हे जमत नाही.

मग बाबासाहेबांचा आवाज त्या मुलखात पोचला. जेजुरीला सभा झाली. आता जेजुरी म्हणजे खंडोबा. महारवाड्यातली घरंच्या घरं तिथे नवस फेडायला जायची. त्याच जेजुरीत बाबासाहेबांनी सांगितले, की पिढ्यान् पिढ्या देवाला दिलंत, देवाने तुम्हाला काही दिलं नाही; आता लेकरांना शाळेत घाला. माणसं ऐकून परतली आणि वस्तीवस्तीत वाद पेटले. जुनी खोडं देव सोडायला तयार होईनात. पण बायकांच्या डोक्यात ते शिक्षणाचं वाक्य बसलं, कारण पोराला उपाशी निजवायचं काम त्यांच्याकडे होतं. बेबीताई शिकल्या त्या या वाऱ्यावर. फलटणच्या मुलींच्या शाळेत. महारवाड्यातल्या मुलींना बाजूला बसवायचे, सवर्णांच्या मुली टोमणे मारायच्या, आणि आपल्या मुलीही काही कमी नव्हत्या, भांडायच्या. त्या भांडणांचं ताईंनी जे वर्णन केलंय ते वाचून पोरीबाळी हसतात. हसू द्या.

चौथीपर्यंत शाळा आणि तेराव्या वर्षी लग्न.

इथे एक तारीख सांगतो. २० जुलै १९४२. नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बायका जमल्या. त्यांच्यापुढे बाबासाहेब बोलले, की मुलींच्या लग्नाची घाई करू नका, फार मुलं होऊ देऊ नका, आणि लग्न झालेल्या बाईने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभं राहावं, त्याची दासी होऊ नये. याच सुमाराला इकडे फलटणला बेबीताईंच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या. नागपूरहून फलटण लांब आहे. भाषण पेपरात छापून यायला दोन दिवस लागतात, घरात यायला किती लागतात ते आपण आपल्या मनाशी मोजावं.

लग्न झाले, पण पोटाचे काय? नवऱ्याला धड काम नाही. नोकरी नाही, जमीन नाही. तेव्हा त्यांनी द्राक्षं विकायला सुरुवात केली. पेटीने घ्यायची आणि सुटी विकायची. यात खरी अक्कल आहे, ती पाहा. पेटी घ्यायची ऐपत आपल्या माणसांत कुणाची होती? पण दोन पैशांची द्राक्षं लेकराच्या हातावर ठेवावी असं प्रत्येक आईला वाटतंच. सुटं विकणारा हवा होता. त्या दोघांनी ते हेरले. द्राक्षांतून चार पैसे सुटले, त्यातून भाजीपाला आणला, मग तेल-मीठ, मग धान्य, किराणा. असे करत दुकान उभे राहिले. गिऱ्हाईक बहुतेक आपल्याच वस्तीतले.

आता ते वीरगावचं दुकान आठवा. अंगणात लांब उभी राहून पदरात मीठ झेलणारी बाई. आणि हे फलटणचं दुकान, जिथं गल्ल्यावर महाराची लेक बसलीय आणि समोरची बाई तिच्या हातून पुडी घेतेय. हाताला हात लागला तरी कुणाचं काही बिघडत नाही. ताईंनी स्वतः या दोन दुकानांची जोड लावून दाखवलेली नाही. आमच्या मनाने ती लावली. पण आमच्या मते आपल्या वस्तीच्या इतिहासात अशा दुकानांना फार मोठी जागा आहे, आणि ती कुणी लिहीत नाही. मोर्चे लिहितो, सभा लिहितो. पुढारी कुठल्या गाडीतून आले ते लिहितो. जिच्या दुकानाने महिनाअखेरीला उधारीवर तांदूळ दिला म्हणून पोरांची शाळा सुटली नाही, तिचं नाव समितीच्या अहवालात कुठे असतं?

किराणा दुकानात पुड्या बांधायला रद्दी लागते. ताई त्या रद्दीवरचं वाचू लागल्या. अर्धी बातमी, फाटलेली गोष्ट, कशाचं तरी अधलं पान. गिऱ्हाईक नसलं की वाचायचं आणि मग त्याच कागदात मीठ बांधून द्यायचं. पुढे ग्रंथालयातून पुस्तकं आणू लागल्या. चौथी शिकलेल्या बाईची ही पुढची शाळा. आणि वाचता वाचता लिहू लागल्या. दुपारी गल्ल्यावर, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात.

हे लिहिणं त्यांनी वीस वर्षं लपवून ठेवलं. जुन्या कागदांखाली, जिथं कुणाचा हात जाणार नाही अशा जागी. बरं, लपवायचं कुणापासून? पोलिसांपासून नाही, पाटलापासून नाही. घरच्या माणसांपासून.

फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन नावाच्या बाई राहत. मूळच्या अमेरिकेच्या, भाषेच्या अभ्यासक. इथं आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. प्रगत शिक्षण संस्था त्यांचीच. त्यांच्याशी बोलता बोलता या वहीचा विषय निघाला. बर्नसनबाईंनी ते लिखाण वाचलं आणि छापलंच पाहिजे म्हणून धीर दिला. १९८२ साली 'स्त्री' मासिकात ते क्रमशः आलं आणि चार वर्षांनी पुस्तक झालं. पुढे २००८ साली माया पंडित यांनी त्याचं इंग्रजी केलं, 'द प्रिझन्स वी ब्रोक' या नावाने. आज ते विद्यापीठांतून शिकवलं जातं. रद्दीच्या कागदावर वाचायला शिकलेल्या बाईचं पुस्तक पोरं परीक्षेसाठी पाठ करतात, ही गंमत ताईंनी हयातीत पाहिली.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

आपल्या विहारात मध्यंतरी आम्ही हे पुस्तक मोठ्याने वाचलं. रविवारी वंदनेनंतर, पाच-सहा बैठकांत. म्हाताऱ्या बायका पुढे बसायच्या. खोड्याचं प्रकरण आलं तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. निवडुंगाची बोंडं आली तेव्हा मात्र सगळ्या एकदम बोलू लागल्या. काटे कसे काढायचे, कुठली बोंडं घशाला खाजतात, आणि त्या दिवशी वाचन तिथंच संपलं. शेवटची बैठक झाली. पुस्तक मिटलं. तेव्हा आपल्यातल्याच एक आजी, त्यांना नाव सांगितलेलं आवडायचं नाही, म्हणाल्या, "एवढं समद्यांचं लिवलं बाईनं. पर हिच्या नवऱ्याचं काय? त्यो काय देव हुता?"

सगळे हसले. पण बघा, चार वर्ग न शिकलेल्या म्हातारीने जो प्रश्न विचारला, तोच इंग्रजी करणाऱ्या प्राध्यापकबाईंनाही पडला होता. पुस्तकात सासवा आहेत, सुना आहेत, बाप आहे, आई आहे, आख्खा महारवाडा आहे. बेबीताईंचा स्वतःचा संसार मात्र जवळजवळ नाहीच. माया पंडितांनी त्यांना विचारलं. आणि त्या मुलाखतीत ताईंनी सांगून टाकलं. नवरा संशयी होता. मारायचा. एकदा दोघं मुंबईला सभेला गेली होती. गाडीत गर्दी, काही पोरं ताईंकडे बघत राहिली, आणि नवऱ्याने तिथंच हात उचलला, नाकातून रक्त येईपर्यंत. परत येतानाही गाडीत मारतच आला. कुठं निघाली होती ही दोघं? सभेला.

मग पुस्तकात हे का लिहिलं नाही? ताईंचं उत्तर आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. माझ्या एकटीचं दुःख ते काय, घराघरातल्या बाईचं तेच होतं. मला समाजाचं लिहायचं होतं. म्हणून पुस्तकाचं नाव 'जिणं आमुचं'. 'माझं' नव्हे.

आमच्या बैठकीत हे सांगितल्यावर वाद झाला. होणारच. एक सद्गृहस्थ म्हणाले, पुस्तक सवर्णांनी केलेल्या अन्यायाचं आहे, त्यात नवरा-बायकोचं भांडण कशाला घुसडता? दुसरे म्हणाले, घरची लक्तरं वेशीला कशाला टांगायची, आधीच लोक आपल्याकडे बोट दाखवायला टपलेत. या दुसऱ्या बोलण्यात तथ्य नाही असं नाही. आपल्या वस्तीतला दारुडा हा सगळ्या समाजाचा दारुडा ठरतो, आणि बंगल्यातला दारुडा आपला आपला एकटा असतो, हे आपण रोज बघतो. ताईंनाही हे कळत होतं, म्हणून तर त्या वीस वर्षं गप्प बसल्या आणि पुस्तकातही गप्प राहिल्या. पण गप्प बसण्याची किंमत कोणी भरली? समाजाची अब्रू राखण्याचं सगळं ओझं एका बाईच्या नाकावर. तिने अब्रू राखली आणि शेवटी, सत्तरी उलटल्यावर, स्वतःच्या तोंडाने सांगितलं. नवऱ्याला शिव्या देत सांगितलं नाही. नवऱ्याबरोबर सारी हयात काढली, पोरं वाढवली, दुकान दोघांनी मिळून चालवलं, हेही तितकंच खरं आहे. त्या माणसाला राक्षस करायला आम्ही इथं उभे नाही. जे वीरगावात लहानपणी डोळ्यांनी बघितलं, गुलाम आपल्या घरात गुलाम शोधतो म्हणतात ते, ते आपल्याच उंबऱ्याच्या आत होतं हे ताईंना ठाऊक होतं. खोड्याचं प्रकरण पुन्हा वाचा. आमची खात्री आहे, की त्या ओळी लिहिताना त्यांना दुसऱ्या कुणाचा खोडा कल्पनेने बघावा लागला नसणार.

आणि सद्गृहस्थांना एवढंच विचारावंसं वाटतं, की नागपूरला १९४२ साली बाबासाहेब बायकांना बरोबरीचं नातं मागायला सांगत होते, तेही घरचंच भांडण होतं ना? ते त्यांनी हजारोंच्या सभेत मांडलं.

ताईंच्या म्हातारपणाविषयी थोडं सांगितलं पाहिजे. फलटणजवळ निंबुरे म्हणून गाव आहे. तिथं त्यांनी मागास समाजातल्या मुलांसाठी आश्रमशाळा काढली. स्वतःची सात लेकरं मार्गी लावून झाल्यावर बाईने खरं तर दारात बसून नातवंडांना गोष्टी सांगायच्या. यांनी दुसऱ्यांची पोरं अंगावर घेतली. शाळा काढणं म्हणजे काय असतं हे इथल्या समितीच्या लोकांना सांगायला नको. कागद, मंजुरी, खेटे, धान्य, पोरांचं आजारपण. पुस्तकाच्या शेवटी शेवटी ताई शिकल्यासवरल्या लोकांवर फार चिडल्यात. साहेब झालात, बंगले बांधलेत, बाबासाहेबांच्या जिवावर झालात आणि मागं वळून बघत नाही, असा त्यांचा सूर आहे. हे नुसतं लिहून त्या थांबल्या नाहीत, शाळा काढली, म्हणून त्यांना चिडायचा अधिकार होता. आपल्या हॉलमध्ये आज पंख्याखाली खुर्चीवर बसलेल्या काही जणांना तो सूर टोचेल. टोचू दे.

भीमावर त्यांची निष्ठा आंधळी म्हणावी इतकी होती. त्या बाबासाहेबांबद्दल लिहू लागल्या की भाषा ओवीसारखी भरून येते. चिकित्सक मंडळींना ते खटकतं. आम्हाला नाही खटकत. पोतराजाचा आणि मरीआईचा देव्हारा ज्या हातांनी मोडला, त्या हातांनी लिहिलेलं आहे ते. २१ एप्रिल २०१२ रोजी ताई गेल्या. भीमजयंती होऊन आठवडा झाला होता.

आता आपल्या घराकडे. या वस्तीत ऐंशीच्या पुढच्या किती आया आहेत, बोटांवर मोजता येतील. दर वर्षी एखाददुसरं बोट मिटतं. त्यांच्यातल्या कुणी चौदा ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला होत्या, कुणी डिसेंबरात चैत्यभूमीवर रांगेत होत्या, हे आपण त्यांना आवर्जून विचारतो आणि स्मरणिकेत छापतो. चांगलंच आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव हिंडून चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या, 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली केलं, तेव्हा कुठं त्या बायकांची नावं आपल्याला कळली. नाहीतर सगळ्यांची नावं "आणि असंख्य महिला" या तीन शब्दांत संपली होती.

पण एवढ्यावर थांबू नका. आईला सभेचं विचारा आणि सभेहून घरी आल्यावर काय झालं तेही विचारा. पहिलं लुगडं स्वतःच्या पैशाने कधी घेतलं. बाळंतपणाला कोण होतं. किती लेकरं गेली आणि त्यांची नावं काय ठेवली होती. ती नावं घरात कुणालाच माहीत नसतात. उधारी कुणाकडे होती, कुणी बुडवली. कुठलं काम करताना सर्वात जास्त राग यायचा. ती लगेच सांगणार नाही. पहिल्या दिवशी "चांगलं चाललं होतं" म्हणेल. दुसऱ्या दिवशीही म्हणेल. तिच्याबरोबर शेंगा निवडत बसा, तांदूळ निवडत बसा. हात कामात असले की तोंड मोकळं होतं. मोबाइल समोर धरून "आजी, बोल" म्हटलं तर ती पदर सावरून भाषण देईल आणि तेच आपलं सोशिक, त्यागमूर्ती वगैरे होईल. एखादी गोष्ट तिने सांगितली आणि मग म्हणाली की "हे लिहू नको", तर लिहू नका. तेवढा मान ठेवायचा. बेबीताईंनीही काय सांगायचं आणि कधी सांगायचं ते स्वतः ठरवलं होतं.

आणि तिच्याजवळ काही लिहिलेलं असेल तर? हसू नका. भीमगीतं रचणाऱ्या, ती वहीत उतरवून गहू-तांदळाच्या डब्याखाली ठेवणाऱ्या बायका आपल्या वस्तीत आहेत. आम्हाला दोघींची माहिती आहे. कुणाची परवानगी नसताना डबा उघडू नका, एवढंच.

महिला मंडळाने या कामासाठी दोन दोनशे पानी वह्या आणि पेनं आणली आहेत. विहारातल्या ग्रंथालयाच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहेत, किल्ली मंडळाकडे. लिहून घ्यायला आपल्या बारावीच्या आणि कॉलेजच्या मुलींनी नावं दिली आहेत, मुलांनी अजून एकानेही दिलेलं नाही. त्यांची वाट बघतोय. येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता पहिली बैठक. ज्यांच्या घरच्या आजींना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी खाली सभागृहातच बसू. रिक्षा लागणार असेल तर आधी सांगा. आणि शेंगा आणा, तांदूळ आणा, जे निवडायचं असेल ते घेऊन या. चहा मंडळाकडून.

जयभीम.